टाक्यांचं दुखणं वेगळं, कळ वेगळी : वेदनाशमनावरच्या थिसिसची अडीच वर्षं

सिझेरियननंतरच्या दुखण्यावर टॅप ब्लॉकचा किती उपयोग होतो, हा एम.डी. भूलशास्त्राच्या माझ्या थिसिसचा विषय. डिसेंबर २०२२ मध्ये तो ठरला आणि जून २०२५ मध्ये बांधलेल्या प्रती जमा झाल्या. निकालाचे आकडे इथे देत नाही, ते थिसिसमध्ये आहेत. वेदनेवर अभ्यास करायला घेतलेल्या निवासी डॉक्टरांना आणि एम.एस्सी. नर्सिंगच्या विद्यार्थ्यांना कागद कुठे अडतो, पैसे कुठे जातात आणि आकडा कुठे बिघडतो हे आधी कळावं म्हणून लिहितोय. अडलेला कागद कधी ना कधी सुटतो. बिघडलेला आकडा मात्र शेवटपर्यंत बिघडलेलाच राहतो.

आधी विषयाबद्दल थोडं. पोटाच्या बाजूच्या भिंतीत स्नायूंचे तीन थर असतात. त्यातल्या आतल्या दोन थरांच्या मधल्या फटीतून मणक्यातून निघणाऱ्या टी-६ ते एल-१ या मज्जातंतूंच्या फांद्या पुढे येतात. त्या फटीत बधिरीचं औषध सोडलं की पोटाची कातडी, स्नायू आणि टाक्यांची जागा बधिर होते. हाच टॅप ब्लॉक. २००१ मध्ये रफी या डॉक्टरांनी तो पहिल्यांदा मांडला तेव्हा सुई हाताच्या अंदाजाने घालत, आता सोनोग्राफीत बघून घालतात. पाठीच्या इंजेक्शनात मॉर्फिन दिलेलं असेल तर टॅप ब्लॉकमुळे वर फारशी भर पडत नाही, हे आधीच्या अभ्यासांतून दिसलेलं आहे. पण त्यासाठी प्रिझर्व्हेटिव्ह नसलेलं मॉर्फिन लागतं आणि रात्रभर श्वासावर लक्ष ठेवणारं माणूस लागतं. ही दोन्ही जिथे नसतात तिथे हा प्रश्न अजून जिवंत आहे. विषय निवडताना एवढंच बघावं, की उत्तर काहीही आलं तरी आपल्या वॉर्डात त्याचं काही करता येईल का. महागड्या पंपावर थिसिस करायचा आणि तो पंप प्रात्यक्षिकाचा म्हणून कंपनीला परत द्यायचा, यात पेशंटच्या हाती काही लागत नाही.

जानेवारी २०२३ सगळा सिनॉप्सिसमध्ये, म्हणजे थिसिसच्या आराखड्यात गेला, आणि त्यातला निम्मा सॅम्पल साइझमध्ये, म्हणजे किती पेशंट घ्यायचे ते ठरवण्यात. आधीच्या थिसिसमधला आकडा उचलून 'प्रत्येक गटात ३०' लिहायची पद्धत आहे. पीएसएम (सामाजिक वैद्यकशास्त्र) विभागातल्या संख्याशास्त्रज्ञांनी तो पहिल्याच भेटीत खोडला. दोन गटांच्या सरासरीत फरक शोधायचा असेल तर गणित सोपं आहे. ८० टक्के पॉवर (खरा फरक असेल तर तो सापडण्याची शक्यता) आणि ५ टक्के अल्फा (नसलेला फरक दिसण्याची शक्यता) धरल्यावर १५.६८ ला प्रमाण विचलनाच्या, म्हणजे आकडे किती विखुरलेत त्या मापाच्या, वर्गाने गुणायचं आणि जो फरक शोधायचा त्याच्या वर्गाने भागायचं. वेदनेच्या ० ते १० मापात विचलन २ धरलं आणि १.५ चा फरक शोधायचा ठरवलं, तर प्रत्येक गटात २८ येतात. १० टक्के गळती धरून ते ३२ झाले, दोन्ही गट मिळून ६४. फरक २ चा धरला असता तर १६ मध्ये भागलं असतं आणि १ चा धरला असता तर ६३ लागले असते. म्हणजे सगळा खेळ त्या एका आकड्याचा आहे, आणि तो पेशंटच्या बाजूने ठरवायला हवा. ५ चं ४.५ झालेलं कुठल्याही बाईला जाणवत नाही, मग संगणक काहीही म्हणो.

पहिल्या मसुद्यात एकच मोठी चूक होती. मुख्य निष्कर्ष म्हणून, म्हणजे ज्या मोजमापावर अभ्यासाचं उत्तर ठरतं ते म्हणून, तीन गोष्टी लिहिल्या होत्या : पहिलं जादा वेदनाशामक लागेपर्यंतचा वेळ, २४ तासांतलं एकूण औषध आणि वेदनेचा आकडा. सॅम्पल साइझ यातल्या एकाच गोष्टीवर काढलेला असतो, म्हणून मुख्य निष्कर्षही एकच हवा. शेवटी 'सहाव्या तासाला, अंथरुणात उठून बसताना होणारी वेदना' असं एका ओळीत ठरलं. सहावा तास अशासाठी की पाठीच्या इंजेक्शनाचा, म्हणजे ०.५ टक्के हेवी ब्युपिव्हाकेनच्या २ मिलीचा, अंमल तोवर पूर्ण उतरलेला असतो. दुसऱ्या तासाला दोन्ही गटांत शून्यच दिसतं आणि ते शून्य ब्लॉकचं नसतं. उठून बसताना अशासाठी, की निजून राहिलेल्या बाईला फारसं दुखत नाही. दुखतं ते बाळाला घ्यायला उठताना.

एथिक्स कमिटीकडे फाईल गेली ३ एप्रिलला. बैठक २६ एप्रिलला झाली, प्रश्नांचं पत्र ११ मे रोजी हातात पडलं, उत्तरं २२ मे रोजी दिली आणि मंजुरीचं पत्र १४ जूनला आलं. सव्वादोन महिने. यातला महिनाभर तरी वाचवता आला असता, कारण पत्रातले चारही प्रश्न आधी सुचायला हवे होते.

पहिला प्रश्न औषधाच्या डोसाचा. मसुद्यात ०.२५ टक्के ब्युपिव्हाकेन हे बधिरीचं औषध दोन्ही बाजूंना २०-२० मिली असं होतं. हे झाले १०० मिलिग्रॅम. ५० किलोच्या बाईला किलोमागे २ मिलिग्रॅम म्हणजे तेवढीच मर्यादा, आणि पाठीत दिलेले १० मिलिग्रॅम वेगळेच. शिवाय गरोदरपणात रक्तातली प्रथिनं कमी असल्यामुळे मोकळं औषध जास्त राहतं आणि विषबाधेचा धोका वाढतो. बदलून ०.२ टक्के रोपिव्हाकेन हे दुसरं बधिरीचं औषध घेतलं. ४० मिलीत ८० मिलिग्रॅम होतात, किलोमागे ३ मिलिग्रॅमच्या मर्यादेत ५० किलोला १५० पर्यंत जागा असते. सोबत, विषबाधेवरचा उतारा म्हणून, 'ओटीत (ऑपरेशन थिएटरमध्ये) २० टक्के लिपिड इमल्शन हाताशी ठेवलेलं असेल, गरज पडल्यास किलोमागे १.५ मिली आधी एकदम आणि मग ठिबकून' हे वाक्य प्रोटोकॉलमध्ये (अभ्यासाच्या लेखी आराखड्यात) घालावं लागलं. ते नुसतं लिहून भागत नाही. बाटली कुठल्या कपाटात आहे आणि तिची मुदत कधी संपते, हे दर महिन्याला बघावं लागतं.

दुसरा प्रश्न ट्रामाडॉलचा. जादा वेदनाशामक म्हणून ट्रामाडॉल (अफूवर्गातलं औषध) लिहिलं होतं. अंगावर पाजणाऱ्या आईला ते देऊ नये, असा इशारा अमेरिकेच्या एफडीएने (औषध नियामक संस्थेने) २०१७ मध्येच दिला आहे. ते काढून डायक्लोफिनॅक ७५ मिलिग्रॅम, १०० मिली सलाईनमधून सावकाश, २४ तासांत जास्तीत जास्त १५० मिलिग्रॅम असं केलं. त्यामुळे मूत्रपिंडाचा त्रास, अल्सर, दमा आणि तीव्र प्री-एक्लॅम्प्सिया (गरोदरपणातला रक्तदाबाचा आजार) असलेल्या बायका अभ्यासातून वगळाव्या लागल्या. दोन्ही गटांना दर ८ तासांनी पॅरासिटामॉल १ ग्रॅम शिरेतून ठरलेलंच होतं, ५० किलोच्या आत वजन असेल तर किलोमागे १५ मिलिग्रॅम. हे स्पष्ट लिहावं, कारण ज्या गटाला ब्लॉक नाही त्याला दुखतं ठेवलंय का, हे कमिटीला बघायचं असतं. आणि त्यांनी ते बघायलाच हवं.

तिसरा प्रश्न खोट्या ब्लॉकचा. कुठला गट आहे हे पेशंटला कळू नये म्हणून दुसऱ्या गटाला नुसतं सलाईन टोचायचं मनात होतं. काही फायदा नसताना पोटात दोनदा सुई कशासाठी, असं कमिटीने विचारलं. यावर तोडगा सोपा निघाला. शस्त्रक्रिया संपते तेव्हा छातीखाली बधिरच असतं आणि समोर हिरवा पडदा असतो. दोन्ही गटांत सोनोग्राफीचा प्रोब फिरवायचा, जेल पुसायचं, दोन्ही कुशींना सारख्याच पट्ट्या लावायच्या. सुई मात्र एकाच गटात. वॉर्डात आकडा विचारणारी व्यक्ती ओटीत नसते, त्यामुळे तिलाही कळत नाही.

चौथा प्रश्न कमिटीवरच्या सामान्य नागरिक प्रतिनिधींचा होता आणि चौघांत तोच सगळ्यात उपयोगी ठरला. मराठी माहितीपत्रकात 'यादृच्छिक पद्धतीने गटविभाजन' असं छापलं होतं. "हे कुणाला कळणार?" असं त्यांनी विचारलं. नवीन वाक्य असं झालं : 'तुम्हाला हे इंजेक्शन मिळेल की नाही, हे चिठ्ठी उघडून ठरेल. डॉक्टर किंवा तुम्ही ते ठरवू शकत नाही. चिठ्ठी कुठलीही निघाली तरी दुखण्याचं नेहमीचं औषध मिळणारच.' भाषांतर करून घेताना शब्दकोशातले शब्द चालतात, पण वाचणारी ताई खाटेवर बसलेली असते आणि बाजूला सासू असते. माहितीपत्रक आधी वॉर्डातल्या मावशींना वाचून दाखवावं. त्या जिथे थांबवतील तिथे वाक्य बदलायचं. मराठीचं पुन्हा इंग्रजी करून घेणं आणि भाषांतराचे दाखले जोडणं वेगळं. त्या दोन्ही कामांचे मिळून ३,००० रुपये गेले.

मंजुरी आली म्हणून पेशंट घेता येत नाही. सीटीआरआयवर, म्हणजे भारतातल्या क्लिनिकल ट्रायलच्या नोंदवहीत, नोंदणी व्हावी लागते आणि ती पहिल्या पेशंटच्या आधी व्हावी लागते. १ एप्रिल २०१८ पासून मागाहून नोंदणी करता येत नाही. हे माहीत नसल्यामुळे सुरू केलेला अभ्यास गुंडाळावा लागल्याच्या गोष्टी कॉलेजाकॉलेजांत ऐकू येतात. नोंदणी मोफत आहे. मात्र फॉर्म लांबलचक आहे आणि एका बैठकीत भरून होत नाही, म्हणून मजकूर आधी वेगळ्या फाईलमध्ये तयार ठेवावा. आमचा अर्ज १७ जूनला गेला, २९ जूनला शंका परत आल्या आणि क्रमांक मिळाला १८ जुलैला. शंका दोन होत्या. फॉर्ममधला मुख्य निष्कर्ष आणि मंजूर प्रोटोकॉलमधला मुख्य निष्कर्ष शब्दशः जुळत नव्हता, ही पहिली. दुसरी तारखेची. पहिला पेशंट घेण्याची तारीख १ जुलै टाकली होती, आणि नोंदणी होईपर्यंत ती उलटून जाणार होती. सुरुवातीलाच सहा आठवडे पुढची तारीख टाकावी.

क्रमांकाची वाट बघायच्या या महिन्यात करण्यासारखी दोन कामं असतात. पहिलं कुणाला कुठला गट ते ठरवणाऱ्या चिठ्ठ्यांचं. क्रम संगणकाने काढायचा, पण तो काढणाऱ्याने पेशंट घ्यायचे नाहीत. हे काम पीएसएममधून करून घेतलं. प्रत्येकीत दोन्ही गट सारखे अशा चार-चार चिठ्ठ्यांच्या तुकड्या केल्या की शेवटची चिठ्ठी ओळखता येते, म्हणून चार आणि सहाच्या तुकड्या मिसळल्या. पाकिटांत पहिल्यांदा फसगत झाली. साधी तपकिरी पाकिटं आणली होती, आणि ओटीतल्या दिव्यासमोर धरली की आतला शब्द सरळ वाचता येत होता. पुन्हा पाकिटं केली. आत अॅल्युमिनियम फॉईलची घडी आणि चिठ्ठीवर कार्बन पेपर. पाकीट फोडण्याआधी वर पेशंटचा नंबर, तारीख, वेळ लिहायची, म्हणजे कार्बनमुळे ती चिठ्ठीवरही उमटते आणि नंतर कुणी चिठ्ठ्यांची अदलाबदल केली असं म्हणू शकत नाही. पाकिटं, फॉईल आणि कार्बन मिळून ३८० रुपये. एवढ्या स्वस्तात एवढी खात्री या सगळ्या कामात दुसरीकडे कुठे मिळाली नाही.

दुसरं काम प्रश्नाचं. वेदना मोजायला ना नळी लागते ना यंत्र. फक्त विचारावं लागतं, आणि तिथेच सगळं घसरतं.

आधी कुठलं माप घ्यायचं ते बघू. १०० मिलिमीटरच्या रेघेवर खूण करायला सांगणारं व्हीएएस (व्हिज्युअल अॅनलॉग स्केल) दिसायला शास्त्रीय वाटतं. पण झेरॉक्सची झेरॉक्स काढत गेलं की ती रेघ १०० मिलिमीटरची राहत नाही. पट्टी लावून बघा, एकदोन मिलिमीटरचा फरक सहज निघतो. शिवाय हातात सलाईन असलेल्या बाईने निजल्या निजल्या पेन धरून खूण करायची. हसऱ्या-रडक्या चेहऱ्यांचं माप लहान मुलांसाठी बनलेलं आहे. मोठी माणसं शेवटचा चेहरा बघून "मी काही रडत नाहीये" म्हणतात आणि अलीकडचा चेहरा निवडतात. म्हणून तोंडी आकडा विचारायचं एनआरएस (न्यूमेरिक रेटिंग स्केल) घेतलं, ० ते १०.

मग ते मराठीत विचारायचं कसं? दहा बायकांवर प्रश्नाची चाचणी घ्यायची तरतूद प्रोटोकॉलमध्येच होती. ही तरतूद ठेवाच. "दुखतंय का?" याला बहुतेक ठिकाणी "थोडं" हेच उत्तर आलं, हाताची मूठ आवळलेली असली तरी. "सहन होतंय का?" हा प्रश्न तर विचारूच नये. तो वेदनेचा प्रश्न नाही, सोशिकपणाची परीक्षा आहे, आणि शेजारी सासू बसलेली असताना त्याचं उत्तर ठरलेलंच असतं. "शून्य ते दहामध्ये किती?" यावर काहींनी दहा म्हणजे चांगलं असं धरलं, शाळेतले मार्क असतात तसं. त्यातल्या त्यात जमलं ते रुपयांचं. "अजिबात दुखत नसेल तर शून्य रुपये. याहून जास्त दुखूच शकत नाही असं असेल तर दहा रुपये. आत्ता, उठून बसताना, दहातले किती रुपये दुखलं?" सोळा आण्यांचा हिशेब आजीला लगेच कळतो, पण पंचविशीतल्या बाळंतिणीला दहा रुपयेच बरे.

एकदा ठरलेलं वाक्य छापून प्रत्येक फॉर्मच्या माथ्यावर टाकलं. विचारणाऱ्याने ते वाचूनच विचारायचं. शब्द बदलले की माप बदललं, मोजपट्टी मध्येच बदलल्यासारखं. रात्रपाळीच्या सिस्टर, इंटर्न, सकाळची टीम, सगळ्यांना मिळून चार वेळा सांगावं लागलं. दर दोन महिन्यांनी नवे इंटर्न येतात, त्यामुळे हे सांगणं कधी संपत नाही.

चाचणीत आणखी एक गोष्ट कळली, आणि तिने अभ्यास वाचवला. एका ताईंचा ब्लॉक सोनोग्राफीत उत्तम पसरलेला दिसला होता, तरी त्यांनी सात सांगितले. त्यांना टाक्यावर हलकं बोट लावून विचारलं, तर तिथे काही नव्हतं. दुखत होतं ते "आत, पोटात गोळा येतो तसं", आणि बाळ अंगावर प्यायला लागलं की जास्त. गर्भाशय आकुंचन पावतं त्या या कळा. पाजताना शरीरात ऑक्सिटोसिन सुटतं, म्हणून त्या वाढतात. टॅप ब्लॉक पोटाच्या भिंतीचा आहे, गर्भाशयापर्यंत त्याचा हात पोचत नाही. एकच आकडा विचारला असता तर लागलेला ब्लॉक फसलेला म्हणून नोंदला गेला असता. त्यामुळे फॉर्मवर दोन रकाने केले, 'टाक्यांचं दुखणं' आणि 'कळ'. हा बदल कमिटीला दुरुस्ती म्हणून कळवावा लागला. पहिला पेशंट अजून घेतला नव्हता, म्हणून ते अध्यक्षांच्या स्तरावर चार दिवसांत मिटलं. सीटीआरआयवरही बदल नोंदवला. कुठलंही वेदनाशमन तपासताना आपलं औषध नेमक्या कुठल्या दुखण्यावर चालतं, ते दुखणं वेगळं काढून विचारलं पाहिजे. ठणका, आग, चमक, कळ असे शब्द आपल्याकडे तयार आहेत. फॉर्मवर मात्र सगळ्यांचं एकच 'पेन' होतं.

पहिला पेशंट २४ जुलै २०२३ रोजी घेतला. फक्त ठरवून केलेली सिझेरियन घ्यायची, हे आधीच ठरलं होतं. बारा तास वेणा सोसून मग सिझेरियन झालेल्या बाईचे दहा रुपये आणि सकाळी चालत ओटीत आलेल्या बाईचे दहा रुपये एक नसतात. पहिलीला नंतरचं दुखणं कमी वाटू शकतं, कारण तिची मोजपट्टीच लांब झालेली असते. संमती आदल्या संध्याकाळी घ्यायची, ओटीच्या दारात नाही. सही तिचीच हवी. नवऱ्याची सही घेऊन कागद पुरा झाला असं मानण्याची सवय वॉर्डात आहे, अभ्यासात ती चालत नाही. अंगठा असेल तर अभ्यासाशी संबंध नसलेला साक्षीदार लागतो. साक्षीदार म्हणून आपल्याच युनिटच्या इंटर्नची सही घेतलेले दोन फॉर्म तपासणीत परत आले होते.

ब्लॉक करताना काय चुकतं ते थोडक्यात. लिनियर प्रोब कुशीत, बरगडी आणि कटीच्या हाडाच्या मध्ये आडवा धरायचा. तीन थर दिसतात, त्यातला सगळ्यात आतला पातळ आणि काळपट. खास ब्लॉकच्या सुया मिळत नसतील तर २३ नंबरची पाठीची सुई आणि १० सेंटीमीटरची जोडनळी चालते. टोक कमी चमकतं, म्हणून सुई प्रोबच्या रेषेतच ठेवावी लागते. आधी १-२ मिली सलाईन सोडून बघायचं. थर उकलून भिंगासारखा काळा पट्टा दिसला तर जागा बरोबर, स्नायूच फुगला तर सुई अजून पुढे किंवा थोडी मागे. दर ५ मिलीला मागे ओढून रक्त येतं का बघायचं. बाळंतिणीचं पोट सैल असतं, थर ताणून पातळ झालेले असतात आणि पेरिटोनियम (पोटाचं आतलं अस्तर) अपेक्षेपेक्षा जवळ असतं. प्रोब जोरात दाबला की ते आणखी जवळ येतं. सवयीने दाबू नका.

वॉर्डातल्या नोंदींत तीन भानगडी झाल्या. पहिली घड्याळाची. ओटीतलं घड्याळ आणि वॉर्डातलं घड्याळ यांच्यात अकरा मिनिटांचा फरक निघाला. 'शून्य तास' म्हणजे दुसऱ्या बाजूची सुई बाहेर काढल्याची वेळ असं ठरवलं आणि ती मोबाईलमध्ये बघूनच लिहायची. ब्लॉक नसलेल्या गटात दुसऱ्या बाजूचा प्रोब उचलल्याची वेळ. दुसरी भानगड झोपेची. दुपारी दोनला शस्त्रक्रिया संपली की बाराव्या तासाची नोंद रात्री दोनला येते. ताई झोपलेल्या. सुरुवातीच्या काही फॉर्मवर तिथे शून्य लिहिलेलं सापडलं. झोप म्हणजे शून्य वेदना नव्हे. थकून माणूस दुखतंय तसंही झोपतं. 'झोप' असा वेगळा शेरा ठेवला. उठवून विचारायचं नाही, हेही लिहून ठेवलं. तिसरी भानगड औषध आणि आकड्याच्या क्रमाची. आकडा ४ किंवा जास्त आला की डायक्लोफिनॅक द्यायचं होतं. काही ठिकाणी औषध आधी दिलं गेलं आणि आकडा अर्ध्या तासाने विचारला गेला. असा आकडा पुसायचा नाही, वेळेसकट तसाच ठेवायचा आणि बाजूला कारण लिहायचं.

६४ पेशंटना चौदा महिने लागले. हिशेबाने सहा महिने पुरायला हवे होते. पण आयसीयूची पोस्टिंग आली की महिनाभर एकही होत नाही, सोनोग्राफी मशीन दुरुस्तीला गेलं की तीन आठवडे जातात, आणि ठरलेल्या सिझेरियनपैकी बऱ्याच जणींना आदल्या रात्रीच कळा सुरू होऊन त्या तातडीच्या यादीत जातात. मार्च २०२४ मध्ये आकडा २९ वर अडकला तेव्हा आता हे वेळेत होत नाही असं वाटायला लागलं. अशा वेळी तातडीच्या सिझेरियनही घ्याव्यात हा मोह होतो. गाईडनी तो मोडला, आणि तेव्हा त्यांचा राग आला हेही खरं. शेवटचा पेशंट सप्टेंबरमध्ये झाला.

विश्लेषणात एक सापळा आहे, त्याबद्दल नीट सांगतो. आठव्या, बाराव्या, चोविसाव्या तासाचे आकडे दोन्ही गटांत जवळजवळ सारखे दिसले, की ब्लॉक निरुपयोगी असा निष्कर्ष पटकन काढला जातो. पण ज्या गटाला जास्त दुखलं त्याला जादा औषध मिळालेलं असतं. आकडे सारखे दिसतात कारण आपण ते सारखे केलेले असतात. म्हणून वेदनेचा आकडा कधीच एकटा वाचू नये, सोबत किती जणींना, कितव्या तासाला, किती औषध लागलं हे ठेवावं. हे आकडे सहसा सममित पसरलेले नसतात, त्यामुळे सरासरीऐवजी मध्यक (मधला आकडा) आणि क्रमावर चालणारी मान-व्हिटनी चाचणी लागली. २४ तासांत जादा औषध लागलंच नाही अशा बायकांचा वेळ '२४ तास' असा लिहून सरासरी काढू नये. त्यांच्यासाठी कॅप्लान-मायरचा आलेख आहे, कितव्या तासापर्यंत किती जणी औषधाविना राहिल्या ते दाखवणारा. हे सगळं संख्याशास्त्रज्ञ सिनॉप्सिसच्या वेळीच सांगू शकतात. डेटा गोळा झाल्यावर गेलं की ते फक्त हळहळतात.

खर्च एकंदर पंधरा हजारांच्या आसपास झाला. भाषांतरं आणि पाकिटांचं वर सांगितलंच. फॉर्मची छपाई आणि झेरॉक्स ५,२००, पाच प्रती छापून बांधायला ६,५००. रोपिव्हाकेन आणि सुया रुग्णालयाच्या पुरवठ्यातून होत्या, आणि अभ्यासातल्या कुठल्याही गोष्टीचा पैसा पेशंटकडून घ्यायचा नाही हे संमतीपत्रात लिहिलेलं होतं. पुरवठा संपला त्या दोन आठवड्यांत पेशंट घेतले नाहीत. बाहेरून चिठ्ठी लिहून आणायला सांगितलं असतं तर काम थांबलं नसतं, पण मग संमतीपत्र खोटं ठरलं असतं.

थिसिस परीक्षेच्या किमान सहा महिने आधी जमा करावा लागतो, म्हणून बांधणीवाल्याकडे त्याच्याही महिनाभर आधी जा. त्या दिवसांत सगळ्या कॉलेजांची गर्दी तिथे एकदम असते. वाङ्मयचौर्याचा अहवाल ग्रंथालयातून मिळाला. पद्धतीच्या प्रकरणात जुळणी जास्त दिसते, कारण ब्लॉकचं वर्णन सगळीकडे एकाच भाषेत असतं. ते स्वतःच्या शब्दांत आधीच लिहिलेलं बरं.

प्रती जमा केल्यावर दोन कामं राहतात आणि बहुतेकांची राहूनच जातात. एथिक्स कमिटीला समाप्ती अहवाल द्यायचा आणि सीटीआरआयवर अभ्यासाची स्थिती 'पूर्ण' अशी बदलायची. दोन्हीला मिळून एक दुपार पुरते. भरलेले फॉर्म, संमतीपत्रं आणि कार्बन उमटलेल्या चिठ्ठ्या किमान ३ वर्षं ठेवायच्या असतात. आमच्या तीन खोक्यांवर विषय, क्रमांक आणि 'जून २०२८ पर्यंत फेकू नये' असं मार्करने लिहून ती विभागाच्या कपाटात ठेवली आहेत. किल्ली ऑफिसातल्या पाटीवर, डावीकडून दुसऱ्या खिळ्याला.